बौशरच्या देव्हाऱ्यातली रोमन राणी

रोमन सम्राज्ञीला हळदकुंकू वाहिलं तर ते नक्की कोणाला पोहोचतं? तिला, लक्ष्मीला, की वाटेतच विरून जातं? मला माहीत नाही. प्राचीन इतिहासात एम. ए. केलंय, नाण्यांच्या पेपरात वर्गात पहिली आले होते, तरी माहीत नाही. ओमानहून परत येऊन आता काही महिने झाले, अजूनही नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर खाली लिहा. फक्त एकमेकांशी भांडू नका.

आधी जायचं कसं ठरलं ते सांगते. माझा मामा मस्कतजवळच्या रुसैल औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होता. दापोलीजवळच्या आमच्या गावातून तो गेला तेव्हा मी शाळेत होते. मग मामीही त्याच्यामागे गेली आणि इरा, माझी मामेबहीण, तिकडेच जन्मली. डिसेंबरात मामाचा फोन आला. "काम खलास! फेब्रुवारीत बिऱ्हाड गुंडाळून कायमचे परत. तुला ओमान बघायचा असेल तर आत्ता ये. नंतर आलीस तर हॉटेलात उतरावं लागेल, आणि ते तुझ्या पगारात बसायचं नाही."

पगार म्हणजे मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, त्याचा. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. बाबा अजून लोकांना सांगतात, "पोरगी शिकली हो, पण नेमकी जुन्या नाण्यांचं शिकली. नव्यांचं शिकली असती तर बरं झालं असतं."

तर, जाणाऱ्यांसाठी: टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण नियम आणि दर बदलत असतात, तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत पोहोचवतं. एक रियाल म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास आणि एका रियालचे हजार बैसे. पहिले दोन दिवस प्रत्येक चहाचा मनात गुणाकार होतो. मग माणूस दमतो आणि चहा पितो. जानेवारीत हवा सुरेख असते. उन्हाळ्यात जाऊ नका. मामा म्हणतो, उन्हाळ्यात ओमानमध्ये फक्त ओमानीच राहतात.

मामाचं घर बौशरला, एका मॉलच्या मागच्या गल्लीत. मी पोहोचले तेव्हा अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. बांधायचा राहिला होता तो देव्हारा, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या वरच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपमा खात होते आणि मामी ताम्हनात देव घासत होती. चिंच आणि दंतमंजन. बाळकृष्ण झाला, अन्नपूर्णा झाली, आणि मग तिनं एक छोटं चांदीचं नाणं घेतलं, आपल्या रुपयापेक्षा जरा लहान, आणि अंगठ्यानं खसाखसा घासायला लागली.

"मामी, ते काय आहे?"

"लक्ष्मी."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? निझवाची."

माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, पण सोनाराचं भिंग असतं. मी नाणं मागून घेतलं. एका बाजूला बाईचं तोंड. म्हणजे तोंड असायला हवं होतं. नाक गेलेलं, डोळा गेलेला, ओठ गेलेले. शिल्लक होते ते केस, कानावरून खाली उतरलेले जाड लाटांचे, डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखे. ते केस मी कुठेही ओळखीन. ज्यूलिया डोम्ना. सीरियातल्या पुजाऱ्याची मुलगी, रोमच्या बादशहाची बायको. अठराशे वर्षं सगळ्यांना पुरून उरलेलं नाक मामीच्या चिंचेपुढे हरलं होतं.

दुसऱ्या बाजूला उभी बाई, एका हातात लांब फांदी, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग.

"हा ऊस, हा घट," मामीनं बोट ठेवून दाखवलं. "खाली कमळ होतं, ते झिजलं."

"कमळ नव्हतंच, मामी."

"तू कालच आलीस. तुला काय ठाऊक?"

इथे थोडा इतिहास, कंटाळा आला तर सोडून द्या. रोमन लोक राणीचं नाणं पाडत तेव्हा पुढे राणीचं तोंड आणि मागे बहुतेक वेळा एखादी देवी किंवा एखादा गुण, बाईच्या रूपात उभा. पातिव्रत्य. एकोपा. सुफलता, म्हणजे कडेवर एक आणि पायाशी दोन पोरं. पूज्यभाव. थोडक्यात लग्नाचा बायोडेटा: सुस्वभावी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. फरक इतकाच की आपला बायोडेटा व्हॉट्सॅपवर फिरतो आणि त्यांचा साम्राज्यभर फिरायचा. ती बाई खरंच मनमिळाऊ होती का, हे कोणीच विचारायचं नाही. तेव्हाही आणि आत्ताही.

मामीच्या नाण्यामागे कोणता गुण उभा होता ते मी ओळखलं होतं. पण उपमा गिळून गप्प बसले. आधी नाणं खरं की नकली ते पाहायचं होतं. नकली नाण्यावरून मामीशी कशाला बिघडवा?

मामीनं ते ओमानमधल्या पहिल्या दिवाळीआधी निझवाच्या बाजारात घेतलं होतं. लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं हवं, म्हणून दुकानदाराला हिंदीत म्हणाली, लक्ष्मीवाला सिक्का. त्याला काही बोध होईना. मग हिनं सांगितलं, औरत होनी चाहिए. त्यानं डबा उपसून हे काढलं. "ये औरत है." सौदा झाला.

शुक्रवारी आम्ही निझवाला गेलो. शुक्रवारीच जा, कारण सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो आणि उन्हं वर आली की उठतो. मस्कतहून पावणेदोन तास, रस्ता असा की गाडीत पोहे खाल्ले तरी सांडत नाहीत. पेट्रोल आपल्या निम्म्या भावात. रुसैल मागे पडताना मामानं हॉर्न वाजवला. कारखान्याला की कामगारांच्या बसला, ते त्यानं सांगितलं नाही. मग दोन्हीकडे तपकिरी डोंगर, झाड औषधालाही नाही, आणि अचानक खजुराची हिरवी बाग. बाजारात विकणारे बकऱ्या घेऊन गोल गोल फिरतात आणि घेणारे मध्ये उभे राहून दात तपासतात. इरा म्हणाली, "ताई, हे सेम फॅशन शो आहे." बाजूच्या टपरीवर अंडं आणि मध घातलेली पातळ कुरकुरीत खुबुझ, म्हणजे तिथली रोटी, खा, स्वस्त असते. किल्लाही पाहा, पर्यटकांना तिकीट चांगलंच लागतं, तेव्हा तासभर तरी फिरून वसूल करा.

चांदीचं ते दुकान अजून होतं. म्हातारे अर्बाब, म्हणजे मालक, पांढरा पायघोळ डिशडाशा, अस्खलित मुंबई हिंदी. मामीनं नाणं पुढे ठेवलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"इसकी नाक किधर गयी?"

"पूजा में," मामी म्हणाली.

आलं कुठून, विचारल्यावर त्यांनी हात समुद्राच्या दिशेनं हलवला. समुद्र तिथून शंभरावर किलोमीटर. "सब उधर से आता है." मग मला गिऱ्हाईक समजून त्यांनी आणखी दोन 'रोमन राण्या' काढल्या. दोन्ही ओतीव. कडेला साच्याची शिवण, आणि एकीच्या गालावर बुडबुडा. त्यांच्या शेजारी मामीचं नाणं ठेवलं आणि फरक उघडा पडला. हे ठोकलेलं होतं, जुन्या काळी पाडत तसं. ठसा जरा एका अंगाला सरकलेला, कड दाबानं चिरलेली, शिवण नाही. त्यांच्याच तराजूत घातलं तर तीन ग्रॅमच्या वर. जेवढं भरायला हवं तेवढंच.

मला नाचावंसं वाटलं. आजवर मी रोमन नाणं फक्त काचेपलीकडून पाहिलं होतं आणि आता एक तळहातावर होतं. गाडीत बसेपर्यंत मी तसल्या आनंदात होते. मग डोक्यात दिवा पेटला आणि मी, माझ्या सवयीप्रमाणे, विचार न करता बोलून टाकलं.

"मामा, खरं असेल तर ते नेता येणार नाही. पुरातन वस्तू इथून परवानगीशिवाय बाहेर काढत नाहीत."

 मग मामी मागून म्हणाली, "म्हणजे माझी लक्ष्मी सोडून जायची?"

"अगं, एअरपोर्टवर कोण बघतंय?" मामा म्हणाला. "पर्समध्ये चिल्लर असते माणसाच्या."

संध्याकाळी मामी लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसले. "मामी, नाणं खरं आहे. आणि ती लक्ष्मी नाही."

"मग कोण?"

"हिलारितास."

"चर्चमधली?"

"नाही गं, रोमन लोकांची. हसरेपणाची देवी. आनंदात राहायचं, हसत राहायचं, त्याची."

बाहेरच्या खोलीत मामानं टीव्हीचा आवाज कमी केला. मामीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "म्हणजे एवढी वर्षं मी पैशासाठी हात जोडले ते खिदळणाऱ्या बाईला?"

"तरीच म्हटलं," मामा बाहेरून ओरडला. "या घरात पैसा टिकत नाही आणि दात मिटत नाहीत!"

इरानं वर पाहिलं. "ताई, म्हणजे बेसिकली मम्मी राँग डिपार्टमेंटला अप्लाय करत होती?"

मामी आधी चिडली, मग तिलाच हसू फुटलं, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पाणी राहिलं आणि हसू गेलं.

"शलाका, तू फक्त खोटी आहे म्हण. एकदाच. तुला कोण विचारतंय?"

"तूच विचारते आहेस ना."

"इरा सातव्या महिन्यात झाली. ती काचेच्या पेटीत आणि मी बाहेर, हिलाच मुठीत धरून. मामा ड्युटीवर. इथे माझं दुसरं कोण होतं? तेव्हा कुठे होता तुझा कायदा?"

 आपल्याकडच्या मूर्ती आणि ताम्रपट परदेशांत गेले म्हणून मी दरवर्षी वर्गात घसा सुकवते. आता परदेशातून काहीतरी नेणारे आम्हीच होतो, आणि समोर लुटारू नव्हते, लसूण सोलणारी माझी मामी होती. मी खोटं म्हटलं नाही. खरं बोलल्याचा आनंदही झाला नाही.

शनिवारी ठरल्याप्रमाणे वादी शाब नावाच्या डोंगरदरीत गेलो. सुंदर जागा आहे, सुरुवातीला छोट्या होडीनं पलीकडे नेतात, मग दगडांतून तासभर चाल, शेवटी पोहायचं हिरवं पाणी. चांगली पकड असलेले बूट घाला आणि पाणी बरोबर न्या. मला यापलीकडे फार सांगता येणार नाही, कारण मामी जाताना माझ्याशी बोलली नाही आणि तेवढा वेळ मी डोंगरांऐवजी तिच्या मानेकडे पाहत होते. येताना मात्र तिनं एकदम तोंड उघडलं.

"पर्स उघडायला लावली तर मी काय सांगू? देवीला चोरून नेऊ होय मी?" थोडं थांबून म्हणाली, "पण सरकारी संग्रहालयात द्यायची तर रीतसर द्यायची."

रीतसर म्हणजे उत्तरपूजा. रविवारी सकाळी मामी साडी नेसली. आधी म्हणाली, "लोकांकडे पाठवायची तर निदान घासून तरी देते." मी चिंचेची वाटी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. मग तिनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नाणं जागेवरून बोटभर सरकवलं. गणपतीला हलवतात तसं. इतकंच. मामाही टोपी घालून हात जोडून उभा होता आणि त्यानं एकही विनोद केला नाही. मग मामीनं एका डब्यात दहीपोहे भरले.

"हे कशाला?"

"शिदोरी. रिकाम्या हातानं पाठवू?"

मस्कतमधल्या त्या सरकारी संग्रहालयाचं नाव देत नाही, तिथल्या बाईंना त्रास नको. शम्सा तिचं नाव, माझ्याच वयाची, काळा अबाया, उत्तम इंग्रजी. मी सावधपणे सुरुवात केली की आमच्या एका ओळखीच्या बाईंकडे एक जुनं नाणं आहे. शम्सानं माझ्यामागे डबा छातीशी धरून उभ्या असलेल्या मामीकडे पाहिलं.

"ओळखीच्या बाई त्याच का?"

मग आत नेलं. हातमोजे घालून तिनं नाणं दिव्याखाली धरलं. "अक्षरांत हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"रंग?"

"मान," मी म्हटलं. याहून चांगलं इंग्रजी मला सुचलं नाही. तिनं मान डोलावली आणि ते न पुसता तसंच ठेवलं.

"आणि डब्यात?"

मामीनं हिंदीत सांगितलं, "दही-पोहा. रास्ते के लिए."

"किसके रास्ते के लिए?"

मामीनं नाण्याकडे बोट केलं. शम्सा गंभीरपणे म्हणाली की आत खाद्यपदार्थ आणायची परवानगी नाही. मग आम्हाला घेऊन अंगणात गेली आणि सावलीत बसून दहीपोहे खाल्ले. तिनं पुन्हा वाढून घेतलं तेव्हा मामीनं ओमान सरकारला माफ केलं. "इन्शाल्ला गुरुवारपर्यंत कळवते," शम्सा म्हणाली. इन्शाल्ला म्हणजे नक्की कधी, हे तिथे कोणी विचारत नाही.

घर सोडेपर्यंत देव्हाऱ्यात लक्ष्मीची जागा रिकामी ठेवायची नाही, म्हणून मंगळवारी मत्रहच्या बाजारात गेलो. दुपारी बाजार बंद असतो, संध्याकाळी जा. अत्तर आणि लोबानाच्या वासात हरवायला होतं आणि घासाघीस केल्याशिवाय दुकानदारालाही चैन पडत नाही. तिथे चांदीचं मोठं थोरलं नाणं ढिगानं मिळतं. त्यावर ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा. एकेकाळी अरबस्तानात सगळीकडे चालायचं, ओमानी बायकांच्या गळ्यातही असायचं. आता नव्यानं पाडतात आणि वर्ष मात्र तेच जुनं घालतात. मामीनं तळहातावर घेऊन निरखलं.

"हे नेता येतं?"

"येतं. नवं आहे."

"डोक्यावर पदर आहे. अंगानं भरलेली. ही बघ कशी खात्यापित्या घरची दिसते!"

तो पदर विधवेचा आहे हे मी सांगितलं नाही. प्रामाणिकपणालाही जेवायची सुट्टी असते. आणि विधवा लक्ष्मी का नसावी, हा माझा वेगळा निबंध होईल.

गुरुवारी खरोखरच शम्साचा फोन आला. नाणं अस्सल आहे. पण ज्यूलिया डोम्नाची अशी नाणी जगात पुष्कळ सापडतात, हे ओमानच्या मातीत मिळाल्याचा पुरावा नाही, कुण्या व्यापाऱ्यानं अलीकडेच आणलेलं असणार. संग्रहालयाला नको आहे. बाहेर न्यायचं परवानगीपत्र तयार आहे, घेऊन जा.

मी एका देशाला त्याचा वारसा परत करायला निघाले होते, आणि देश म्हणत होता की आमच्याकडे ठेवायला जागा नाही. माझा फुगा फुटला खरा, पण मामीसाठी मला इतका आनंद झाला की टॅक्सीवाल्याशी भाव न करता निघाले. घरी येऊन नाणं आणि कागद तिच्यासमोर ठेवले. "मामी, घे तुझी लक्ष्मी! कायदेशीर!"

मामीनं हात लावला नाही.

"उत्तरपूजा झाली. ती गेली, बाय. ही नुसती चांदी आहे."

"अगं, पण तेच नाणं आहे!"

"तेच आहे. ती नाही त्यात." ती पुन्हा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. "तू ठेव. तुला खरी हवी होती ना? तशी तुझ्या कामाचीच आहे ती." नंतर मी निघताना तिनं माझ्या हातात कागदाची पुडी दिली, नाणं कापसात बांधलेलं. "जपून ने. हसरी म्हणालीस ना, तिला रडवू नकोस."

तर आता मी घरी आहे. मामी-मामाही परतलेत. इराला इथली शाळा 'सो लाउड' वाटते आणि मामीच्या देव्हाऱ्यात ऑस्ट्रियाची राणी बसते. तिला मामी फक्त मऊ फडक्यानं पुसते. का, ते मी विचारलं नाही.

नाणं काही आठवडे माझ्या कपाटात होतं. तिकडचा कागद होताच, इकडची नोंदही करून घेतली. मला ते हवं होतं, ते लपवत नाही. रोज काढून पाहायची. बाबा म्हणाले, बँकेत ठेव. ओळखीतल्या एका संग्राहकानं विकतेस का विचारलं. पण भिंगातून पाहता पाहता एक गोष्ट मला छळायला लागली. या चेहऱ्याची झीज मी पहिल्या दिवशी नासधूस म्हणून मोजली होती. पण हे नाणं ज्या एका माणसाला खरंच लागत होतं, तिच्याच अंगठ्याची ती झीज होती. संग्रहालयाला नको होतं, संग्राहकाला भावासाठी हवं होतं. मामीला जीव मुठीत धरायला हवं होतं. आणि तिच्या मुठीतून ते काढून घेणारी मी, ते कपाटात ठेवून रोज एकटी पाहत होते.

मी रोमन नाणी शिकले ती झेरॉक्सवर. त्यात सगळ्या सम्राज्ञी एकसारख्या काळ्या दिसायच्या. माझी वर्गातली मुलंही त्याच झेरॉक्सवर शिकतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी अजून कोणी पदवीपर्यंत गेलेलं नाही. म्हणून प्राचार्यांना भेटले आणि नाणं कॉलेजला देऊन टाकलं. एका अटीवर: तिजोरीत नाही, काचेतही नाही. सर म्हणाले, "हरवलं तर?" मी म्हटलं, "तर हरवलं."

गेल्या सोमवारी दुसऱ्या वर्षाच्या तासाला ते पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तळहातावर ठेवलं, मागच्या बाकापर्यंत फिरवा म्हणून सांगितलं, आणि फळ्याकडे वळून लिहायला लागले.